जाऊबाईंची शाल आणि कपाटातली कसर

«ताई, गेल्या वर्षी प्रवासाला जाताना मोठ्या जाऊबाईंची पश्मिना शाल मागून घेतली होती. आल्यावर ‘देऊ सावकाश’ म्हणून घडी करून कपाटात ठेवली आणि ती तिथेच राहिली. परवा काढली तर घडीच्या रेषेवर पाच-सहा भोकं! माझे दोन लोकरीचे स्वेटरही तसेच झालेत. कपाटात डांबरगोळ्या होत्या, तरीही. रात्री दिव्याभोवती बारके पतंग फिरतात, ते मी रोज मारते. सासूबाई म्हणतात, सगळं उन्हात टाक. हे म्हणतात, औषध फवार आणि मोकळी हो. पण घरात धाकट्या दिरांचं सात महिन्यांचं बाळ आहे. शाल गुपचूप रफू करून परत करू का? की खरं सांगू? घर एवढं झाडूनपुसून ठेवते, तरी कसर लागली याची मेली लाज वाटते.

ता. क. : ह्यांच्या सुती टी-शर्टांनाही पोटाशी बारीक भोकं पडतायत. तीही कसरच का?»

– नाव छापू नये ही विनंती

शाल इतक्यात परत करू नका. रफूलाही टाकू नका. आधी शाल आणि दोन्ही स्वेटर वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, तोंडं घट्ट बांधा आणि मग पुढचं वाचा. भोकं पाडणारं अजून त्या कपड्यांतच बसलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशी शाल जाऊबाईंच्या कपाटात गेली तर शालीबरोबर कसरही पोचेल. रफूगाराकडे तर अनेक घरांच्या शाली एकावर एक रचलेल्या असतात.

जाऊबाईंना मात्र आजच फोन करा. गुपचूप रफूचा बेत सोडून द्या. उत्तम रफू झटकन दिसत नाही हे खरं, पण ज्या बाईने ती शाल वर्षानुवर्षं पांघरली आहे तिच्या बोटांना ती गाठ लागल्याशिवाय राहणार नाही, आणि मग भोकापेक्षा लपवाछपवीचं वाईट वाटेल. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. शाल तुमच्याकडे आली तेव्हाच तिच्यात दोन-चार अंडी असतील, असंही असू शकतं. ती सुईच्या टोकाएवढी असतात, विणीत शिरली की दिसत नाहीत. तसं असेल तर जाऊबाईंच्या कपाटातही हाच प्रकार चालू असेल आणि त्यांना पत्ता नसेल. म्हणजे तुमच्या फोनचा उपयोग त्यांनाच आहे. फक्त ‘तुमच्याकडूनच आली असेल’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ‘शालीला कसर लागली, माझ्याकडून वेळेवर परत करायची राहिली, नीट करून देते, तुम्हीही एकदा तुमच्या लोकरीच्या घड्या उघडून बघा,’ एवढं पुरे. कुठून आली याचा निकाल लागणं तसंही कठीण असतं.

आता रोज मारताय त्या पतंगांविषयी. ते बहुधा निरपराध आहेत. लोकरीच्या कसरीचा पतंग दिव्यावर येत नाही, उजेड दिसला की आत पळतो. कपाट उघडल्यावर घडीखाली तुरुतुरु शिरणारं, नाहीतर कपाटाच्या कोपऱ्याकडे वेडंवाकडं फडफडत जाणारं, वाळलेल्या गवताच्या रंगाचं, जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर लांबीचं आणि डोक्यावर तांबूस केसांचा झुपका असलेलं काही दिसलं, तर तो खरा आरोपी. त्यातही उडताना दिसतात ते बहुतेक नर. माद्या अंड्यांनी जड झालेल्या असतात, त्या उडण्यापेक्षा सरपटत पळणं पसंत करतात. दिव्याभोवती घिरट्या घालणारे एकतर बाहेरून आलेले असतात, नाहीतर धान्याच्या डब्यातून निघालेले. धान्याच्या पतंगाच्या पंखांचे दोन भाग सरळ दिसतात : अंगाकडचा फिकट, टोकाकडचा तांबूस-तपकिरी. तसे असतील तर डबे तपासा, कपाटाशी त्यांचा संबंध नाही.

आणि खरा आरोपी म्हटलं तरी तो पतंगही कपडा खात नाही. त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. दोन ते चार आठवडे जगायचं, जोडीदार शोधायचा आणि मादीने साधारण ४० ते ५० अंडी लोकरीच्या धाग्यांत घालून मरायचं, एवढाच त्याचा जन्म. उबदार हवेत चार ते दहा दिवसांत अंडी फुटतात आणि खाण्याचं सगळं काम अळीच्या वाट्याला येतं. अळी मळकट पांढरी, डोकं तपकिरी, पूर्ण वाढली की साधारण १ सेंटिमीटरची. ऊब आणि खाणं भरपूर मिळालं तर ती एक-दोन महिन्यांत कोषात जाते. थंडी आणि उपास वाट्याला आले तर दोन वर्षंही रेंगाळते. त्यामुळे ‘आता पतंग दिसत नाहीत, म्हणजे संपलं’ असं समजून बसू नका.

शाल पिशवीतून एकदाच काढायची, ती तपासायला. दुपारच्या भरपूर उजेडात खिडकीशी जमिनीवर पांढरी चादर अंथरा आणि तिच्यावर शाल हलक्या हाताने उलगडा. झटकू नका. घडी जिथे दुमडली होती ती रेष बोटांमध्ये धरून उजेडासमोर धरा. भोकांच्या आसपास काही ठिकाणी भोक पडलेलं नसेल, पण कापड विरळ झालेलं दिसेल. वरची लव चरून खाल्लेली आणि खालचा धागा उघडा. मग बारीक बघा, भिंग असेल तर घ्याच. रेशमी जाळीसारखा एखादा तुकडा किंवा तांदळाच्या दाण्याएवढी नळी कापडाला चिकटलेली आहे का? तिच्या भोवती वाळूसारखे बारीक कण आहेत का? ते कण म्हणजे अळीची विष्ठा, आणि तिचा रंग शालीचाच असतो, कारण लोकर पचते पण रंग पचत नाही. त्यामुळे पुष्कळदा ते कण म्हणजे शालीचाच चुरा वाटतो आणि आपण झटकून मोकळे होतो.

नळी जागेवर चिकटलेली न राहता चालायला लागली तर घाबरू नका. कसरीचीच दुसरी जात आहे, तिची अळी लोकरीच्या तंतूंचं घर विणून ते अंगावर घेऊनच हिंडते. घराला दोन्ही तोंडं उघडी असतात, ती हवं त्या बाजूने डोकं बाहेर काढते. निळ्या स्वेटरवरून लाल स्वेटरवर गेली की घराला पुढे लाल पट्टा जोडला जातो. या जातीचा पतंग जरा काळपट असतो आणि पंखांवर तीन गडद ठिपके असतात. उपाय मात्र दोघींना एकच.

जाळी नाही, नळी नाही, नुसतीच स्वच्छ भोकं आणि पिवळट-तपकिरी, केसाळ, पोकळ सालं सापडली तर आरोपी वेगळा. तो भुंगेरा. त्याची अळी ४-५ मिलिमीटरची, आखूड, जाड, तपकिरी पट्ट्यांची आणि अंगभर केसांची. वाढताना ती अनेकदा कात टाकते आणि तीच सालं कपाटाच्या कोपऱ्यात, ड्रॉवरच्या फटीत पडलेली मिळतात. मोठा भुंगेरा २-३ मिलिमीटरचा, गोलसर, पाठीवर पांढरे-पिवळे-तपकिरी छाप असलेला. गंमत म्हणजे तो फुलांवरचे परागकण खातो आणि उजेडाकडे जातो. म्हणून तुम्हाला तो कपाटात नाही, खिडकीच्या चौकटीत मेलेला सापडेल. तसे दोन-चार सापडले, तर ‘बाहेरचे किडे’ म्हणून केरात टाकण्याआधी घरात त्यांची पिल्लावळ कुठे आहे, ते शोधा. या अळीचे केस सुटून अंगाला लागले तर काहींच्या त्वचेवर खाजरी पुरळही येते. बाळाच्या अंगावर कारण न कळणारी पुरळ असेल तर डॉक्टरांना हेही सांगा.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून, म्हणजे घडीच्या रेषेवर भोकं आणि तीही एका कपाटातल्या तीन कपड्यांना, मला पहिल्या प्रकाराचा जास्त संशय आहे. पण भुंगेऱ्याची अळीसुद्धा घडीतून आरपार जाते, म्हणून जाळी आणि सालं शोधल्याशिवाय ठरवू नका. पुस्तकांत दिसणारी ती चंदेरी, माशासारखी वळवळणारी कसर मात्र या गुन्ह्यात नाही. तिला खळ, डिंक, कागद लागतो. लोकर तिचं अन्न नव्हे.

लाजेचं म्हणाल, तर ती सोडून द्या. घर झाडण्यापुसण्याशी कसरीचा संबंध तुम्हाला वाटतो तितका नाही. तिला तीन गोष्टी लागतात : अंधार, शांतता आणि केराटिन. केराटिन म्हणजे लोकर, केस, पिसं, फर ज्याची बनलेली असतात ते प्रथिन. त्याचे रेणू गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की बहुतेक प्राण्यांना ते पचतच नाही. कसरीच्या अळीच्या आतड्यात मात्र ते दुवे तोडणारी रासायनिक परिस्थिती आणि विकरं (एन्झाइम्स) दोन्ही असतात. थोडक्यात, ज्या अन्नाला दुसरं कोणी हात लावत नाही, ते तिने आपलं केलं आहे. निसर्गात हे काम मोलाचं आहे. पक्ष्यांची घरटी, मेलेल्या जनावरांची कातडी, उरलीसुरली पिसं अशीच साफ होतात. आपल्या कपाटात तेवढं ते नको असतं.

पण नुसत्या शुद्ध लोकरीवर तिचं भागत नाही. घामातले क्षार, त्वचेचं तेल, सांडलेल्या खाण्याचा अंश यांतून तिला जीवनसत्त्वं आणि बाकीचं पोषण मिळतं. अगदी स्वच्छ लोकरीवर तिची वाढ रखडते, पुष्कळ अळ्या मरूनही जातात. म्हणून भोकं बघा कुठे असतात : गळपट्टीला, काखेत, बाहीच्या टोकाला, जिथे डाग पडला होता तिथे. तुमच्या पत्रात ‘आल्यावर घडी करून ठेवली’ असं आहे, ‘धुऊन’ हा शब्द नाही. माझ्या मते गोष्ट तिथे घडली. एकदाच वापरलेला कपडा आपल्याला स्वच्छ वाटतो, कारण तो स्वच्छ दिसतो. कसर दिसण्यावर जात नाही.

आता मारायचं कसं. शालीसाठी माझी पसंती फ्रीजरला आहे, कारण त्यात पाणी नाही, औषध नाही आणि पश्मिन्याच्या पोताला धक्का नाही. शाल सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आतली हवा हाताने दाबून काढून टाका आणि तोंड हवाबंद करा. फ्रीजर उणे १८ अंश सेल्सिअसला असावा आणि शाल आत निदान दोन आठवडे राहावी. दोन-तीन दिवसांनी ‘झालं असेल’ म्हणून काढू नका. इतक्या तापमानाला अंडी आणि अळ्या दोन्ही मरायला वेळ लागतो, शिवाय गुंडाळीच्या मधोमध थंडी सावकाश पोचते. त्याच कारणाने तीनही कपडे एका गठ्ठ्यात कोंबू नका. फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीत एक पूर्ण दिवस तशीच पडू द्या, नाहीतर गार कापडावर हवेतली वाफ जमून शाल ओलसर होईल. मग उघडा आणि मऊ ब्रशने घड्या, काठ, शिवणी हलक्या हाताने झाडा. मेलेली अंडी राहिली तर काही बिघडत नाही, पण पुढच्या वेळी नवं काही दिसलं तर ते नवं आहे हे कळलं पाहिजे.

स्वेटर मशीनमध्ये धुण्याजोगे असतील तर उष्णतेचा मार्गही आहे. कापडाच्या आतपर्यंत ५५ अंशांच्या वर उष्णता पोचली की थोड्या वेळात सगळ्या अवस्था मरतात. पण तेवढ्या गरम पाण्यात बहुतेक लोकर आटते आणि घट्ट होते, म्हणून आतली पट्टी वाचल्याशिवाय हा प्रयोग नको. कोमट पाण्यात हाताने धुतल्यावर बऱ्याच अळ्या-अंडी निघून जातात, सगळी मेलीच असं मात्र धरून चालू नका. ड्रायक्लीनने सगळ्या अवस्था मरतात. तिथे द्यायचं तर बंद पिशवीत द्या आणि कसर लागली आहे, हे आधी सांगा.

सासूबाईंचा उन्हाचा सल्ला अर्धा बरोबर आहे. अळ्यांना उजेड सहन होत नाही, त्या उन्हात टाकलेल्या कपड्यातून निसटून खाली पडतात, आणि ब्रशने झाडलं की अंडीही सुटतात. पण ऊन प्रत्येक घडीत, प्रत्येक शिवणीत सारखं पोचत नाही, आणि रंगीत लोकर व रेशीम फार वेळ ठेवलं तर विटतं. म्हणून अधूनमधून तास-दोन तास ऊन दाखवणं ही उत्तम सवय, पण लागलेली कसर काढायला एकटं ऊन पुरायचं नाही. त्यांना तोंडावर ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी न बिघडलेले कपडे उन्हात टाकायचं काम त्यांच्याकडे द्या. तेही करायला हवंच आहे.

यजमानांच्या फवाऱ्याला मात्र माझा साफ नकार. कपड्यावर फवारलेलं औषध अंगावर येतं, बाळाच्या तोंडात येतं, आणि घडीच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाही ते नाहीच. फवाऱ्याची जागा कपाटाच्या फटी आणि गालिच्याखालची जमीन ही आहे, तीही घर उघडं ठेवून, बाळाला दुसरीकडे नेऊन, डब्यावर लिहिलेल्या सूचनांप्रमाणे, आणि बाकीचं सगळं करूनही कसर परत आली तरच. जाता जाता सांगते : डीडीटी हे कीटकनाशक आहे, हे १९३९ साली पॉल म्युलर यांनी ओळखलं. ते ज्या स्विस कंपनीत होते, तिथे लोकरीला कसर लागू नये म्हणून रसायनं शोधण्याचं काम आधीपासून चाललं होतं. म्युलरना १९४८ चं नोबेल मिळालं आणि पुढे त्याच डीडीटीवर जगभर निर्बंध आले. लोकरीच्या भोकांची गोष्ट इथवर गेलेली आहे, म्हणून फवारा हातात घ्यायची घाई नको.

आणि डांबरगोळ्या. त्या होत्या तरी कसर लागली, कारण तुमच्या कपाटात त्यांचा नुसता वास होता. गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफा कोंडून दाट झाल्या तरच अळ्या मरतात. दार रोज उघडमीट होणाऱ्या कपाटात त्या फटीतून निघून जातात आणि घरात पसरतात. कसरीला त्रास होत नाही, श्वास मात्र आपण घेतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ मध्ये नॅप्थलीनला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या गटात टाकलं आहे. तुमच्या घरी त्याहून जवळचा धोका म्हणजे बाळ. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, जोराची कावीळ होते, आणि हे डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी-कपडे तसेच्या तसे अंगावर घातल्यानेही झालेलं आहे. कमतरता आहे की नाही, हे बहुतेक घरांत तपासलेलंही नसतं. रांगायला लागलेल्या मुलाला पांढरी गोळी खाऊच वाटते, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा त्या गोळ्या आजच काढा, बंद पिशवीत घालून घराबाहेर टाका. बाळाचं काहीही त्या कपाटात असेल तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत वाळवल्याशिवाय वापरू नका.

त्यांच्याजागी कापूर ठेवू का, असं तुमच्या मनात येईल. खरा कापूर ‘नैसर्गिक’ असला तरी लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. बाळाचा हात पोचेल तिथे तोही नको. लव्हेंडरच्या पुरचुंड्या, वाळवलेला पाला, देवदाराच्या लाकडाचे ठोकळे यांनी कपाटाला छान वास येतो. ताज्या लाकडाच्या तेलाने अगदी लहान अळ्यांना त्रास होतो, पण तो घट्ट बंद पेटीत, आणि तेल उडून गेलं की उरतो नुसता ठोकळा. ठेवायचे तर हौसेने ठेवा, त्यांच्या भरवशावर शाल ठेवू नका.

कपडे फ्रीजरमध्ये असतील तेव्हाचे दोन आठवडे कपाटाचे. सगळं बाहेर काढा. ड्रॉवर रुळावरून पूर्ण काढून त्यांच्या मागची जागा बघा. फळीच्या कडा, खिळ्यांची भोकं, बिजागऱ्या, खालचा कागद, कपाटामागची जमीन इथे व्हॅक्यूम क्लीनरचं टोकदार तोंड फिरवा आणि त्याची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. नाहीतर अळ्या तिथेच जगतात. मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या.

एवढं करून मन मोकळं होईल, पण खरा अड्डा कपाटाबाहेरही असू शकतो, आणि तो सापडला नाही तर सहा महिन्यांनी तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. पलंगाखालचा लोकरी गालिचा, विशेषतः ज्यावर पलंगाचे पाय आहेत आणि जो कधी उचलला जात नाही तो भाग. सोफ्याच्या खाचेत साठलेले कुत्र्या-मांजराचे केस. पिसांची जुनी उशी. पियानोतला नमदा. माळ्यावरच्या पेटीतली कुणाचीतरी लोकरी टोपी. झरोक्यातलं किंवा एसीच्या मागचं पक्ष्यांचं रिकामं घरटं. भुंगेऱ्याच्या बाबतीत तर खिडकीच्या खाचेत साठलेले मेलेले किडेसुद्धा, कारण त्याची अळी तेही खाते. संग्रहालयांतले पेंढा भरलेले प्राणी आणि टाचण्या टोचलेली फुलपाखरं या भुंगेऱ्याच्या भाईबंदांनी पार भुसा करून टाकलेली आहेत.

कसर उरली आहे की गेली, हे कळायला चिकट सापळे मिळतात. त्यांत मादीचा गंध असतो, त्या ओढीने नर येऊन चिकटतात. एक कपाटात, एक गालिच्याजवळ ठेवा. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. सापळ्यात फक्त नर आणि तेही त्याच जातीचे सापडतात, भुंगेरे येत नाहीत. आणि सापळा भरला म्हणून कसर संपत नाही. कुठल्या खोलीत जोर आहे, एवढं तो सांगतो. मोठ्या जुन्या वाड्यांतले गालिचे सांभाळणाऱ्यांनाही हा प्रश्न सुटता सुटत नाही. इंग्लंडमधल्या ब्लिकलिंग हॉल या जुन्या वाड्यात २०२१ मध्ये कसरीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या सोडून बघितल्या होत्या. तुम्हाला तेवढ्या थराला जायची गरज पडणार नाही.

पुढच्या वर्षीसाठी : लोकरीचा कपडा ठेवणीत जाण्याआधी धुतलेला किंवा ड्रायक्लीन केलेला आणि खणखणीत कोरडा हवा. मग झाकण घट्ट बसणारा डबा किंवा चेनची जाड प्लास्टिकची पिशवी. नुकती अंड्यातून निघालेली अळी अगदी बारीक फटीतून आत शिरते, म्हणून ‘जवळजवळ बंद’ चालत नाही. दोन-तीन महिन्यांनी डबा उघडा, घड्या मोडा, दुसरीकडे दुमडा. कसरीला सगळ्यात जास्त काय आवडत नसेल तर कुणीतरी सारखी उचकापाचक करणं. रेशमी साड्यांनाही हेच लागू. रेशमात केराटिन नसतं, म्हणून ते कसरीच्या पहिल्या पसंतीचं नाही, पण डाग पडलेलं रेशीम, लोकर मिसळलेलं रेशीम आणि भुंगेऱ्याच्या अळीसमोर आलेलं कुठलंही रेशीम सुरक्षित नाही.

शालीचा क्रम चुकवू नका : आधी फ्रीजर, मग ड्रायक्लीन, शेवटी रफू. पुष्कळ धागे अर्धवट कुरतडलेले पण अजून तग धरून असतात. ते धुण्यात तुटतात आणि नवी भोकं उघडी पडतात. रफू आधी करून घेतलीत तर तुम्हाला परत जावं लागेल. रफूगाराला सांगा, धागा शालीच्याच काठातून किंवा झालरीतून काढता आला तर बघा. रंग आणि जाडी दोन्ही जुळतात. खर्च तुमचा, हे जाऊबाईंनी म्हणायच्या आधी तुम्हीच म्हणा. नवी शाल आणून द्यावी का, हे मात्र त्यांना विचारून ठरवा. काही जणींना त्यांची जुनीच हवी असते, रफूसकट.

राहिले टी-शर्ट. भोकं फक्त पुढे, बेंबीच्या उंचीला आणि पाठीला एकही नाही, असं असेल तर तिथे कसर शोधू नका. सुती कापडात केराटिन नसतं. पट्ट्याचं बक्कल किंवा जीन्सचं बटण आणि ओट्याची किंवा टेबलाची कड, या दोहोंच्या मध्ये पातळ विणीचं कापड रोज घासलं जातं. एक टाका तुटतो, धुण्यात त्याचं भोक होतं. यजमानांना टी-शर्ट घालून ओट्याशी उभं करा आणि बक्कल कुठे येतं ते बघा. टी-शर्ट उलटे करून धुवा आणि चेनच्या पॅंटी त्यांच्याबरोबर मशीनमध्ये टाकू नका.